कोल्हापुरात कॉर्न स्नेक पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे २०१७ पासून एक मादी कॉर्न स्नेक आहे, म्हणजे अमेरिकेतला एक बिनविषारी साप. नाव मकू. ती घरी आल्यापासून ओळखीचे, अनोळखी, कॉलेजची मुलं, त्यांचे काळजीत पडलेले आईवडील असे बरेच जण प्रश्न विचारत आले आहेत. बहुतेक प्रश्न तेच तेच असतात आणि त्यातले निम्मे तरी साप आणल्यानंतर विचारलेले असतात. ते आधी विचारले जावेत म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे.

उसात सापाचं पिल्लू सापडलंय. तेच पाळलं तर?

नाही. आपल्या रानातला, शेतातला, परसातला कुठलाही साप पकडून घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. धामण असो, तस्कर असो, दिवड असो की मांडूळ, ‘बिनविषारी आहे’ म्हणून सूट मिळत नाही. गारुड्याकडून विकत घेतला तरी गुन्हा तोच.

कायदा बाजूला ठेवला तरी दुसरं कारण जास्त मोठं आहे. एका मुलानं मला फोटो पाठवला होता. लोणच्याची बरणी, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत वीतभर पिल्लू. खाली लिहिलं होतं, ‘दादा, कॉर्न स्नेक घावला.’ मी फोटो मोठा करून पाहिला. पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा, मानेपेक्षा रुंद तिकोनी डोकं. ते घोणसाचं पिल्लू होतं. घोणसाचं पिल्लू जन्मतःच विषारी असतं. त्यानं ती बरणी शाळेच्या दप्तरातून घरी आणली होती. फोनवर बोलत बोलत मी त्याला बरणी अंगणात ठेवायला आणि लांब उभं राहायला लावलं, मग सर्पमित्र गेले.

तपकिरी-तांबूस अंगावर ठिपके एवढ्यावरून साप ओळखता येत नाही. कॉर्न स्नेक आपल्याकडच्या शेतात नसतोच. साप दिसला की मागं सरा, नजर त्याच्यावर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला किंवा जवळच्या सर्पमित्राला फोन करा.

मग कॉर्न स्नेक येतो कुठून? आणि तो ठेवणं कायदेशीर आहे का?

हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. शास्त्रीय नाव पँथेरोफिस गटॅटस. पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात, रंगीत दाण्यांच्या मक्याच्या कणसासारख्या, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. दुसरं कारण असं सांगतात की तिकडं मक्याच्या कणग्यांत उंदीर येतात आणि उंदरांच्या मागं हा येतो. आपल्याकडं धामण शेतात जे काम करते, तेच तिकडं हा करतो.

तो भारतीय नसल्यामुळं आपल्या देशी सापांचे नियम त्याला लागत नाहीत. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा जो साईट्स करार आहे, त्याच्या परिशिष्टांतही हा नाही. बॉल पायथन मात्र आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्या यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. त्यामुळं ‘कॉर्न स्नेकला चालतं म्हणजे बॉल पायथनलाही चालतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

यादीत नाही म्हणजे वाटेल तसा आणता येतो असंही नाही. जिवंत प्राणी परदेशातून आणायला विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि पशु क्वारंटाइनची तपासणी लागते. बँकॉकहून आलेल्या बॅगांत साप सापडल्याच्या मुंबई विमानतळावरच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या बॅगांतली जी पिल्लं पकडली जात नाहीत, ती स्वस्तात विकली जातात. म्हणून पिल्लू इथंच जन्मलेलं असावं, विकणाऱ्यानं पावती द्यावी आणि आईबापांची कागदपत्रं दाखवावीत. ‘कागदं काय करायचीत भावा, कोण विचारतंय’ असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. नियम बदलत असतात, तेव्हा पैसे देण्याआधी कोल्हापूर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. मी गेलो होतो. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढची वीस वर्षं शांत झोप लागते.

विषारी आहे का? चावतो का?

विष अजिबात नाही. भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारतो. लहान पिल्लू घाबरलं तर शेपटी थरथरवतं, झेपावतं, कधी चावतंही. बाभळीच्या फांदीनं ओरखडावं तेवढं लागतं. साबणानं धुवायचं, बस. त्यापेक्षा घाबरल्यावर तो जो वास सोडतो तो जास्त टिकतो.

किती मोठा होतो आणि किती जगतो?

अंड्यातून बाहेर येतो तेव्हा वीतभर किंवा थोडा जास्त, पेन्सिलीएवढा जाड. तीनेक वर्षांत तीन ते पाच फूट होतो. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, कधी त्याहून जास्त.

या वीस वर्षांवर थांबून विचार करा. बारावीतल्या मुलानं आज आणलेला साप तो अडतीस वर्षांचा होईपर्यंत असणार आहे. मधे शिक्षणासाठी पुणं, नोकरी, लग्न, भाड्याची घरं. साप कुठं असेल आणि कोण पाहील याचं उत्तर ‘आई बघेल’ असं असेल, तर आधी आईला विचारा.

घरचे ऐकत नाहीत. त्यांना कसं पटवू?

पटवू नका, विचारा. घरातल्या एकाचा जरी ठाम नकार असेल तर आणू नका. भीती घेऊन स्वतःच्या घरात वावरणं फार वाईट असतं.

भीतीइतकाच मोठा अडसर म्हणजे फ्रीज. सापाचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर आणि ते ठेवायचे कुठं? ज्या फ्रीजरमध्ये गौरी-गणपतीच्या मोदकांसाठी खवलेला नारळ ठेवतात, तिथं उंदरांची पिशवी ठेवायची नाही, एवढं साधं आहे. आमच्या घरी सगळ्यात जास्त चर्चा यावरच झाली. शेवटी मी जुना छोटा फ्रीज घेऊन माझ्या खोलीत ठेवला, तेव्हा आज्जी म्हणाली, ‘आता आण.’ साप तिला चालला असता. उंदीर चालला नसता.

भाड्यानं राहत असाल तर घरमालकांना सांगा. लपवून ठेवलेला साप कधीतरी दिसतोच, आणि दिसतो तेव्हा समोरच्याच्या हातात काठी असते.

पेटी कशी असावी?

साप आणण्याच्या किमान पंधरा दिवस आधी पेटी तयार हवी. हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे उलटं करतात.

पिल्लाला मोठी जागा देऊ नका असं पूर्वी सांगायचे. खरी गोष्ट अशी की मोकळी, उघडी जागा त्याला घाबरवते. जागा मोठी पण आडोशांनी भरलेली असेल तर तो खुशाल राहतो. तरी सुरुवातीला वीसेक लिटरचा, क्लिपांच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा सोयीचा पडतो. बाजूंना तापवलेल्या सळईनं बारीक भोकं पाडायची, सापाच्या डोक्यापेक्षा लहान. जिथून डोकं जातं तिथून सगळा साप जातो, हे ध्यानात ठेवा.

मोठ्या सापाला कमीत कमी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी लागते. मकूची पेटी मी उद्यमनगरात करून घेतली. ॲल्युमिनियमची चौकट, पुढं सरकती काच, वर आणि मागं बारीक जाळी. कारागिराला ‘सापासाठी’ म्हटल्यावर तो जरा थबकला, मग त्यानंच सुचवलं की दोन काचांच्या मधे दुकानाच्या शोकेसला असतं तसलं कुलूप टाकू. ते कुलूप ही त्या पेटीतली सगळ्यात कामाची वस्तू आहे.

आत दडायला किमान दोन जागा हव्यात, एक गरम बाजूला आणि एक गार बाजूला. एकच ठेवली तर सापाला ऊब आणि आडोसा यातलं एक निवडावं लागतं. तो आडोसा निवडतो आणि आजारी पडतो. दडायची जागा अंगाला सगळीकडून टेकेल एवढी घट्ट असावी. उपडी मातीची कुंडी, कड घासून गुळगुळीत केलेली, कुंभाराकडून आणा. सुंदर काम होतं. शिवाय पाण्याचं जड भांडं, चढायला फांदी, प्लॅस्टिकची पानं.

खाली अंथरायला पहिला महिना साधा कागद, म्हणजे विष्ठा कशी आहे, माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे) आहेत का ते दिसतं. नंतर नारळाच्या काथ्याचा भुसा. नर्सरीतलं कोकोपीट चालतं, मात्र त्यात खत मिसळलेलं नसावं. वखारीतला लाकडाचा भुसा नको. तो कुठल्या लाकडाचा आणि त्याला काय लावलंय हे कळत नाही, आणि देवदार-चीडसारख्या लाकडांचा उग्र वास सापाच्या फुफ्फुसांना मारक असतो. वाळूही नको.

कोल्हापूरची हवा त्याला मानवते का? हीटर लागतोच का?

सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. अन्न पचवायलासुद्धा त्याला बाहेरून ऊब घ्यावी लागते. म्हणून पेटीची एक बाजू २९ ते ३१ अंश आणि दुसरी २२ ते २५ अंश ठेवायची. तो स्वतः इकडून तिकडं सरकत हवी तेवढी ऊब घेतो.

आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खोली अगदी गार होते आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत तर आठवडाभर ऊन दिसत नाही. या दोन्ही दिवसांत हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, लागते. ती पेटीच्या तळाखाली, एक तृतीयांश भागात, बाहेरून लावायची. आत कधीही नाही. आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या उपकरणाशिवाय, चालू करायची नाही. थर्मोस्टॅट नसलेली मॅट चाळिशीच्या वर जाते आणि साप त्यावरच पडून राहून पोट भाजून घेतो, कारण खालून बसणारा चटका त्याला वेळेवर कळत नाही. अंडी उबवण्याच्या यंत्राला लागतो तसला डिजिटल थर्मोस्टॅट चालतो. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्याचं सेन्सर मॅटच्या वर, सापाचं पोट जिथं टेकतं तिथं हवं. काचेवर चिकटवायचा गोल काटेवाला थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो आणि तेही धड नाही. तारेचं सेन्सर असलेला डिजिटल घ्या.

उन्हाळ्यात उलटा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये गच्चीखालच्या किंवा पत्र्याच्या खोलीत दुपारी ३५ च्या वर जातं. थंडीपेक्षा हे लवकर जीव घेतं. त्या दिवसांत मॅट बंद, पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत जमिनीलगत, वरून ओलं कापड आणि गार बाजूच्या कुंडीवर गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. घरात अशी गार खोलीच नसेल तर साप आणायचा विचार सोडून द्या, हे मी मनापासून सांगतो.

पावसाळ्यात सगळं दमट होतं. ते चांगलं की वाईट?

बाहेरच्या देशातली माहिती वाचली तर सगळे ओलावा कसा वाढवायचा ते सांगतात. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर तो कमी कसा करायचा हा प्रश्न आहे. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. आपल्याकडं त्या दिवसांत भिंतींना बुरशी येते. ओल्या भुशावर पडून राहिला की पोटाचे खवले तपकिरी होतात, फोड येतात. म्हणून पावसाळ्यात मी भुसा काढून पुन्हा कागदावर येतो, पाण्याचं भांडं लहान करतो आणि ते गार बाजूला ठेवतो, आणि पेटी भिंतीपासून चार बोटं लांब सरकवतो.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत मात्र कात टाकताना अडचण येते. तेव्हा झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओलसर शेवाळ किंवा पिळलेला काथ्या घालून ठेवायचा. साप आपणहून आत जाऊन बसतो.

डोळे निळसर-दुधी झालेत. आंधळा झाला का?

कात टाकणार आहे. रंग फिका पडतो, डोळ्यांवर साय धरल्यासारखी दिसते, मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत कात पडते. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही. हात लावू नका, खायला नाही घातलं तरी चालेल.

पहिल्यांदा हे मी पाहिलं ते रात्री दोन वाजता. मकूनं नाक कुंडीच्या कडेला घासलं, ओठाजवळची कात सुटली आणि मग ती फांदीच्या बेचक्यातून इतक्या सावकाश पुढं सरकत गेली की पायमोजा उलटा काढावा तशी कात मागं राहत गेली. शेपटीच्या टोकापर्यंत अखंड. उजेडात धरली तर डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक टिकल्या दिसल्या. तुम्हीही त्या टिकल्या आणि शेपटीचं टोक दर वेळी तपासा. डोळ्यावर टिकली राहिली असेल तर नखानं काढायला जाऊ नका. ओल्या डब्यात ठेवा, पुढच्या कातीबरोबर बहुतेक वेळा निघते. नाही निघाली तर डॉक्टर.

खायला काय आणि किती दिवसांनी?

उंदीर. अख्खा, हाडामांसासकट, आयुष्यभर. पिल्लाला दर पाच ते सात दिवसांनी एक पिंकी, म्हणजे अंगावर केस न आलेलं उंदराचं गुलाबी पिल्लू. सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढाच किंवा थोडा जास्त जाड उंदीर. साप वाढेल तसा उंदीर वाढवायचा आणि अंतरही. पूर्ण वाढलेल्याला दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर पुष्कळ होतो. लाडानं जास्त घालू नका. शेपटीच्या सुरुवातीला घडी पडायला लागली की समजा तो लठ्ठ झालाय.

उंदीर पाळीव, पांढरे, खास वाढवलेले आणि गोठवलेले हवेत. घरात पिंजऱ्यात सापडलेला किंवा शेतातला उंदीर कधीही नाही. आपल्याकडं घराघरात, गोदामात, उसात उंदरांचं औषध टाकलेलं असतं. झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर दिसायला धडधाकट असू शकतो. त्याच्या पोटातलं विष सापाच्या पोटात जातं. पालीसुद्धा नकोत, त्यांच्यातून जंत येतात.

मी पुण्याहून थर्मोकोलच्या डब्यात बर्फात भरलेले मागवतो, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, दोन-तीन महिन्यांचे एकदम. आदल्या रात्री एक पिशवीसकट फ्रीजमध्ये खाली उतरवायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवून अंगाएवढा गरम करायचा. मायक्रोवेव्ह नको, कुठं शिजतो, कुठं गारच राहतो. मग लांब चिमट्यानं शेपटीकडून धरून सापापुढं हळू हलवायचा. हातानं कधीच नाही, तुमच्या बोटाला उंदराचा वास असतो.

जिवंत उंदीर सोडू नका. कोंडलेला उंदीर उलट चावतो. भूक नसलेल्या सापाची पाठ उंदरानं रात्रभर कुरतडलेली मी पाहिली आहे. आणि उंदरालाही जीव आहे. त्याला तसं पेटीत सोडून मजा पाहणारे आणि मोबाइलवर चित्रण करणारे लोक पाहिले की वाटतं, यांना साप द्यायलाच नको होता.

चिकनचे तुकडे, अंडी, दूध?

तुकड्यांत हाडं, यकृत, कॅल्शियम काही नाही, त्यावर तो जगत नाही. कोंबडीची अंडी नकोत. दूध साप पीत नाही. नागपंचमीला गारुडी आठवडाभर तहानलेला ठेवलेला नाग पुढं करतो, तो बिचारा समोर येईल ते द्रव पितो आणि पुढं त्यानंच मरतो. शिराळ्याच्या पंचमीचं नाव ऐकत मोठे झालेलो आपण. आपल्या भागात हे सांगणं गरजेचं आहे. साप जाणून घ्यायचा असेल तर चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीला जा. तिथल्या शाळेनं मुलांना सापांची ओळख करून देण्याचं काम कितीतरी वर्षं केलं आहे.

तीन आठवडे खात नाही. मरेल का?

मोठा साप असेल, वजन टिकून असेल आणि पाणी पीत असेल तर घाबरू नका. थंडीत भूक मंदावते, कात टाकण्याआधी खात नाहीत, नर तर उन्हाळ्याच्या तोंडावर मादीच्या ओढीनं महिनाभरही खात नाहीत. आधी गरम बाजूचं तापमान मोजा. दहात आठ वेळा दोष तिथं सापडतो. नवीन पिल्लू मात्र तीन-चार वेळा नाकारत असेल तर ज्याच्याकडून आणलं त्याला विचारा आणि डॉक्टरांना दाखवा.

खाल्लेलं उलटून टाकलं तर लगेच दुसरं घालू नका. दहा-बारा दिवस पोटाला विश्रांती, नंतर नेहमीपेक्षा निम्म्या आकाराचं.

हातात कधी घ्यायचा?

घरी आल्यावर आठवडाभर तरी नाही, आणि दोन-तीन वेळा नीट खाल्ल्याशिवाय नाही. जेवणानंतर ४८ तास नाही. सुरुवात पाच मिनिटांपासून, जमिनीवर बसून. वरून झडप घालून धरू नका. शिकारी पक्षी त्याला वरूनच धरतात. बाजूनं, अंगाच्या मधोमध खालून आधार द्या आणि हातांवरून वाहू द्या.

तो माणसाला ओळखतो का, प्रेम करतो का असं लोक विचारतात. मकू माझ्या हातावर जीभ लवलवत शांत राहते, पाहुण्याच्या हातावर आखडते. याला प्रेम म्हणायचं की सवय, मला ते ठरवावंसं वाटत नाही. तिला हाताची भीती वाटत नाही एवढ्यावर मी समाधानी आहे. गळ्यात घालून मिरवणुकीत, वाढदिवसात, रंकाळ्यावर नेऊ नका.

दोन साप एका पेटीत?

नाही. हे एकटे राहणारे साप आहेत, आणि एकानं दुसऱ्याला गिळल्याचे प्रकार होतात.

पांढरा, लाल, केशरी असे किती प्रकार असतात? कुठला घ्यावा?

जात एकच, रंग वेगळे. काळा रंग नसलेला तो अमेलॅनिस्टिक, लाल-केशरी, लाल डोळ्यांचा. लाल रंग नसलेला तो अनएरिथ्रिस्टिक, राखाडी-काळा. दोन्ही नसलेला तो स्नो, गुलाबीसर पांढरा. स्वभाव आणि देखभाल सगळ्यांची सारखीच, किंमत फक्त वेगळी. मी तर मूळ रंगाचाच सांगेन. मकू तशीच आहे, तांबूस अंगावर काळ्या किनारीचे वीटकरी ठिपके, आणि सकाळच्या उन्हात ती तापल्या विटेसारखी दिसते. रंगापेक्षा तो खातो का हे पाहा. विकणाऱ्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. डोळे स्वच्छ, नाकातोंडाशी बुडबुडे नाहीत, मागचं छिद्र कोरडं, हातात घेतल्यावर अंगाला पीळ.

मादीनं नर नसताना अंडी घातली!

घालते. ती फुटत नाहीत. ओलसर शेवाळाचा डबा द्या. दोन-तीन घालून बाकीची अडकली आणि ती कळा देत असेल तर वाट पाहू नका, डॉक्टरकडे न्या.

पेटीतून पळाला तर?

आमच्याकडं झालं आहे. दुसऱ्या वर्षी, फोन वाजला म्हणून काच लावली आणि कुलूप राहिलं. चूक पूर्ण माझी. दोन रात्री मकू गायब. पहिल्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही, आणि ती दुसरी चूक. शेजारच्या काकूंना जिन्यात वेटोळं दिसलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? तेच, जे कुठल्याही घरात लहान मुलं असलेली बाई करेल. दुसऱ्या दिवशी मी घरोघरी जाऊन फोटो दाखवला, बिनविषारी आहे, दिसली तर फक्त दार लावून मला हाक मारा असं सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच मला म्हणाल्या, दारांच्या उंबऱ्यांशी गव्हाचं पीठ भुरभुरून ठेव, कुठून गेली ते उमटेल. पहाटे तीनला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नागमोडी रेघ उमटली होती. मकू इन्व्हर्टरच्या मागं, उबेला.

तेव्हा शोधायचं ते असं: रात्री, दिवे मालवून, बॅटरी घेऊन, फ्रीज, इन्व्हर्टर, गिझर, टीव्हीच्या मागं, कपाटांखाली भिंतीलगत. मोरीची जाळी आणि बाथरूमचं दार आधी बंद करा.

आणखी एक महत्त्वाचं. तुमच्या घरी कॉर्न स्नेक असला तरी घरात दिसलेला प्रत्येक साप तोच असं धरून हात घालू नका. आधी पेटीत पाहा. आपल्याकडं मण्यार रात्री घरात येते.

आजारी पडला हे कसं ओळखायचं? कोल्हापुरात डॉक्टर आहेत का?

श्वासाला घरघर, तोंड उघडं ठेवून मान वर करणं, नाकाशी फेस: छातीचा संसर्ग, बहुतेक वेळा गारठ्यानं. सारखा पाण्यात बसून राहतो आणि पाण्यात खसखशीएवढे काळे ठिपके तरंगतात: माइट्स. हिरड्या लाल, पिवळट थर: तोंड कुजतंय. यांपैकी कशालाही हळद, कापूर, नीलगिरी, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध लावू नका.

आपल्याकडचे पशुवैद्य म्हशी-गाई, कुत्री-मांजरं यांत तरबेज असतात. सापाला हात लावणारे थोडे. म्हणून साप आणण्याआधी दोघा-तिघांना विचारून ठेवा, आणि गरज पडली तर पुण्याला न्यायची तयारी ठेवा.

तुमच्या तब्येतीचंही पाहा. सापाच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो. हाताळल्यावर साबणानं हात, पेटीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही, पाच वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाई यांनी लांबच राहावं.

वीज गेली, पूर आला तर?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात पाणी शिरलं, वीज गेली, हायवे शिरोलीजवळ बंद पडला. मकूला उशीच्या अभ्र्यात घातलं, गाठ मारली, तो अभ्रा भोकं पाडलेल्या डब्यात, आणि पाचगावला मावसभावाकडं. तिथं गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून डब्याला टेकवून ठेवायचो. अठरा दिवस ती उपाशी होती आणि तिला काही झालं नाही, कारण गारठ्यात मुद्दाम खायला घातलं नाही. ऊब नसताना घातलेलं अन्न पोटात सडतं. २०२१ ला पुन्हा तेच, पण तोवर डबा, अभ्रा, बाटली पावसाळ्याआधीच एका पिशवीत भरून ठेवायची सवय लागली होती. फ्रीजमधले उंदीर वितळले तर पुन्हा गोठवू नका, पुरून टाका.

सांभाळणं जमेना. पन्हाळ्याच्या जंगलात सोडला तर?

कधीही नाही. एक तर तो उपाशी मरेल किंवा कुणीतरी मारेल. आणि तगला तर जास्त वाईट: ग्रँड केमनसारख्या कॅरिबियन बेटांवर माणसांमुळं पोचलेला हाच साप आता तिथं मुक्काम ठोकून आहे. सह्याद्रीत दुसरीकडे कुठंही न सापडणारे साप, बेडूक, पाली आहेत. त्यांच्यात परक्या रोगांचा वाहक सोडायचा नाही. ज्याच्याकडून घेतला त्याला परत द्या, जाणत्या पाळणाऱ्याला फुकट द्या. कुणीच नसेल तर वनविभागाला कळवा.

आज पिल्लू घरी आणलं. आता काय करू?

ज्या डब्यातून आणलं तो पेटीत ठेवा, झाकण उघडा, त्याला आपणहून बाहेर येऊ द्या. पेटीच्या तीन बाजूंना कागद लावा. पाणी भरा, कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा. मित्रांना बोलवू नका, खायला घालू नका, कुंडी उचलून ‘आहे ना आत’ असं पाहू नका. रोज फक्त पाणी बदला आणि दोन्ही बाजूंचं तापमान वहीत लिहा. आठव्या दिवशी संध्याकाळी, दिवा मंद करून, पहिली पिंकी चिमट्यानं कुंडीच्या तोंडाशी ठेवा आणि खोलीबाहेर जा.